सहल नव्हे, पायवाट हवी

धर्मग्रामाची वार्षिक सहल म्हणजे काय, असे आपल्या घरांतील मुलांना विचारून पाहावे. उत्तर ठरलेले असते. पहाटेची बस, वाटेत ध्वनिक्षेपकावरील गाण्यांचा गोंगाट, मग उंच भिंतीआड वसवलेली एखादी जलक्रीडानगरी, तिकिटाच्या मोबदल्यात मिळालेले निळे पाणी, भरपेट जेवण आणि सायंकाळी पेंगत परतणे. चौघांच्या कुटुंबाचे या एका दिवसात जे पैसे खर्च होतात, त्यांत त्या घराचा आठवड्याचा बाजार व्हावा. ज्यांना ते परवडत नाही, ती कुटुंबे 'घरी पाहुणे यायचे आहेत' असे सांगून मागे राहतात. आणि ती का मागे राहिली, हे कोणी विचारत नाही. आम्हांस याविषयी स्पष्ट बोलावयाचे आहे. ही सहल बंद करावी. तिच्या जागी महिन्यातील एका रविवारी, पवित्र मिस्सा आटोपल्यावर, धर्मग्रामातील सर्व कुटुंबांनी मिळून जवळच्या रानात, टेकडीवर, नदीकाठी पायी फिरावयास जावे, असे आमचे मत आहे.

'जवळ रान आहेच कुठे?' असा प्रश्न लगेच येईल. म्हणून मोहन्याचेच उदाहरण घेऊ. शहाड आणि टिटवाळा यांच्या मध्ये आंबिवलीचे स्थानक. त्याला लागून मोहने. एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला आंबिवली-बल्याणीकडच्या टेकड्या. सह्याद्रीच्या घाटमाथ्याकडून निघालेली ही नदी येथवर येते, आणि तिचेच पाणी उचलून, शुद्ध करून कल्याण-डोंबिवलीच्या नळांना सोडले जाते. आपण रोज सकाळी जे पाणी पितो त्याचा काठ आपल्या मुलांनी पाहिलेला नाही! उन्हाळ्यात तो काठ जलपर्णीने झाकून जातो, नाल्यांचे सांडपाणी पात्रात उतरते, हे त्यांना वर्तमानपत्रातून कळते. टेकड्यांचेही तेच. फाल्गुनात आपल्या जिल्ह्याच्या रानांत पळस आणि काटेसावर पेटून उठतात, वैशाखात बहावा पिवळाधमक होतो, करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर फळांनी लगडतात. आमच्या मुलांना डायनोसॉरच्या दहा जाती तोंडपाठ. दारातल्या उंबरावर टुकटुक करणारा तांबट मात्र त्यांना ओळखता येत नाही. दोष मुलांचा नव्हे.

मोहन्याला आणखी एक धडा मिळालेला आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. एन.आर.सी. या नावाने ओळखला जाणारा नॅशनल रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला. हजारो कामगारांची रोजी गेली, देणी वर्षानुवर्षे अडकून पडली. कामगारांची वसाहत, तिची शाळा, तिच्यातील झाडे यांच्याभोवती दोन पिढ्यांचे आयुष्य विणलेले होते. आज ती भूमी परक्यासारखी उभी आहे. २०२५ साली तेथे सिमेंट दळण्याच्या प्रकल्पाचा प्रस्ताव आला. सप्टेंबरात जनसुनावणी झाली आणि आसपासच्या गावांनी आपला विरोध नोंदवला. त्या वादाचा निवाडा करण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. आम्हांस एवढेच विचारावयाचे आहे की, जनसुनावणीत उभे राहून 'येथे काय आहे आणि काय नष्ट होईल' हे सांगावयाचे झाले, तर ते कोण सांगू शकेल? ज्याने ती भूमी पायांखाली घातली आहे तोच. ज्याला तिथली झाडे, पाणवठे, पाखरे ठाऊक नाहीत, त्याने तक्रार तरी कशाची करावी?

हा आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. मोकळ्या जमिनीवर लोकांचा हक्क कागदाने जेवढा टिकतो, त्याहून अधिक तो लोकांच्या वावराने टिकतो. जेथे पावले उठत नाहीत तेथे कुंपण उठते. मुंबईच्या आरेचे स्मरण करावे. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील झाडांवर करवती चालू लागल्या आणि दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली. त्या रात्री जे तरुण धावत गेले, त्यांच्या मागे आरेतील आदिवासी पाडे होते आणि तेथे वर्षानुवर्षे फिरावयास, पाखरे पाहावयास जाणारी माणसे होती. ओळख होती म्हणून ओरड झाली. पुढे तेथील आठशेहून अधिक एकर भूमी राखीव वन ठरवण्यात आली, ती या ओरडीमुळेच. आणि ४ ऑक्टोबर हा दिवस कोणाचा? असिसीच्या संत फ्रान्सिसचा, ज्याला पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली पर्यावरणाचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले त्याचा! सकाळी आपण त्याचा सण साजरा केला होता. आपल्या वसईतही फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी 'हरित वसई'साठी उभे ठाकले, तेव्हा त्यांच्या पाठीशी आले ते वाडीतले, बावखलाकाठचे, मातीची ओळख असलेले लोक. दिवाणखान्यात बसून हिरवाई राखली गेल्याचे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप भाविकांचा: 'रानात हिंडणे हे देवळाचे काम नव्हे; त्यातून निसर्गपूजा शिरेल.' हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्याच संतांची चरित्रे उघडावीत. संत फ्रान्सिसने १२२४ साली ला व्हेर्ना पर्वतावरील अरण्यात प्रभूच्या पंचक्षतांचा अनुभव घेतला. संत इग्नेशियस लोयोला यांना १५२२ साली मानरेसा येथे जे अंतःप्रकाशाचे दान मिळाले, ते कार्दोनेर नदीच्या काठाने चालताना, पाण्याकडे तोंड करून बसले असता. पोप जॉन पॉल दुसरे क्राकोव येथे तरुण धर्मगुरू असताना युवकांना आणि जोडप्यांना घेऊन डोंगरांत व सरोवरांवर जात, आणि तेथेच त्यांच्याशी विवाह, कुटुंब व श्रद्धा यांविषयी बोलत. आणि एम्मावच्या वाटेवरचे ते दोन शिष्य? साठ स्टाडिया, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर चालले. उठलेला प्रभू त्यांना वाटेवर भेटला. निर्मिती ही देव नव्हे, हे आपली श्रद्धा ठामपणे सांगते. पण ती देवाची आहे, हेही तीच सांगते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात आणखी एक नेमके दुखणे दाखवून दिले: शहरांतील नीट राखलेली हिरवी जागा धनिकांच्या वस्तीला लाभते, समाजाने टाकून दिलेल्यांच्या वस्तीला लाभत नाही. हा प्रश्न हौसेचा नसून न्यायाचा आहे.

दुसरा आक्षेप पालकांचा: 'वेळ कुठे आहे? रविवारी शिकवणी असते.' सहा दिवस शाळा आणि शिकवणी, सातव्या दिवशीही शिकवणी. मग शब्बाथाची आज्ञा कोणासाठी? विसावा म्हणजे अंथरुणावर लोळत मोबाईल चाळणे नव्हे. एकाच खोलीत चौघे चार पडद्यांत डोके खुपसून बसलेले कुटुंब आपण पाहतो. तेच कुटुंब दोन तास पायवाटेवर चालू लागले, की बाप मुलाला हात देतो, मुलगी आजीची पिशवी घेते आणि आठवडाभर न निघालेला विषय आपोआप निघतो.

तिसरा आक्षेप धोक्याचा आहे आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. पावसाळ्यात बदलापूरच्या कोंडेश्वरासारख्या ठिकाणी किती तरुण बुडाले! प्रशासनाची बंदी असेल तेथे जाऊ नये. पाण्यात उतरू नये. मुलांची मोजदाद निघताना, थांबताना आणि परतताना करावी. ठाण्याच्या येऊरला जावयाचे तर दिवसाउजेडी जाऊन दिवसाउजेडी परतावे. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे; सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या त्या वनात बिबट्याचे घर आहे आणि आपण पाहुणे आहोत. तेथील पाड्यांत वारली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांच्या अंगणातून फोटो काढीत जाणे हा सभ्यपणा नव्हे. येऊरमध्ये रात्री मद्याच्या मेजवान्या झोडणारे आणि ध्वनिक्षेपकाने रान हादरवणारे शहरी लोक कोणत्या धर्माचे, हे आम्ही विचारत नाही. त्यांत आपल्यापैकी कोणी नसावे, एवढेच म्हणतो. प्लॅस्टिक नेऊ नये. नेलेच तर परत आणावे. आणि एक कडक सूचना: टेकडीवर जाऊन तेथे क्रूस रोवावयाचा, चौथरा बांधावयाचा आणि जागा 'आपली' करावयाची, असा कोणाचा विचार असेल तर त्याने घरीच बसावे. प्रायश्चित्तकाळात टेकडीवर क्रूसाची वाट जरूर करावी. परतताना मागे फक्त प्रार्थना राहावी. टेकडी सर्वांची राहिली, तरच ती आपलीही राहील.

महापालिकेकडे आपण काय मागावे? फरसबंदी, रंगीत कारंजी आणि तिकीटखिडकी नको. तोडलेल्या प्रत्येक झाडाच्या बदल्यात लावलेली झाडे जगली की जळाली, याचा हिशेब हवा. उन्हाळ्यातील वणव्यांपासून टेकड्यांना संरक्षण हवे. नदीकाठी म्हाताऱ्यांना आणि बाळगाडीला जाता येईल अशी साधी मातीची वाट हवी. वाटेच्या तोंडाशी पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह हवे. ही मागणी एकट्या धर्मग्रामाने करू नये. शेजारच्या देवळातील मंडळ, बुद्धविहार, मशीद, आगरी-कोळी गावकरी आणि जुने कामगार यांना बरोबर घेऊन करावी. नदीचे पाणी सगळ्यांच्या घरात एकाच नळाने येते.

आणि धर्मग्राम परिषदांकडे आमची मागणी अशी: यंदाच्या सहलीसाठी वर्गणीची यादी फिरण्याआधी ती थांबवावी. बसचे पैसे वाचतील. त्यांतून ज्यांच्याकडे नाहीत त्या मुलांना चालण्याचे बूट घ्यावेत. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा निर्मितीचा काळ ख्रिस्तसभा पाळते. त्यातला एखादा रविवार निवडावा, धर्मशिक्षणाचा वर्ग त्या दिवशी नदीकाठी भरवावा, आणि कोणत्याही घराला 'घरी पाहुणे आहेत' असे सांगण्याची पाळी येऊ देऊ नये. चालावयास तिकीट लागत नाही.