सातबाऱ्याबाहेरचा शेतकरी

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी देशातील पहिले आधार क्रमांक वाटले गेले. आज बहुतेक शासकीय अनुदान त्या क्रमांकाशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होते. परंतु ओळख पटली म्हणून हक्क सिद्ध होत नाही. २०१९ पासूनच्या पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वार्षिक ६००० रुपये मिळतात ते जमीनधारकाला. सातपुड्यात पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणाऱ्या आदिवासीचा दावा २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मंजूर झाला नसेल, तर शासनदरबारी तो शेतकरीच ठरत नाही. पेरणी त्याची, तोटाही त्याचा. साहाय्य मात्र कागद पाहून मिळते. तेव्हा नव्या योजनांच्या घोषणांपूर्वी प्रलंबित दाव्यांचा निकाल लावणे, हेच शासनाचे पहिले कर्तव्य होय.