झाडाखाली लॉनचा हट्ट कशाला?

सावेडीत बंगल्यांची लॉन झाडाखाली करपतात, विरळ पडतात. विचारलं की ठरलेलं उत्तर: युरिया मारा, पाणी वाढवा. आपल्यातले काही कृषी पदवीधर पण हेच सांगायला लागलेत, म्हणून हे लिहितोय.

बांधावरच्या लिंबाखाली ज्वारी कशी राहते? खुरटी. तिथं आपण युरियाचं पोतं रिकामं करतो का? लॉनमधी बहुतेक हरळीच्याच जाती असतात. जी हरळी खणता खणता आपल्या बापजाद्यांच्या कंबरा गेल्या, ती इथं पैसे देऊन लावायची, अन् ती पण सावलीत! हरळी ऊस-ज्वारीसारखीच उन्हावर पोसणारी. सहा तास तरी उघडं ऊन पाहिजे. नाहीतर काडी लांबते, फिकी पडते, बूड उघडं दिसतं. त्यात नत्र दिलं की पाला लुसलुशीत, खाली ओल हटत नाही, मग बुरशी. डाग मोठा होतो तो असा.

पाण्याचा हिशोब करा. एका गुंठ्यावर ५ मिलीमीटर पाणी म्हणजे ५०० लिटर. दुष्काळी साली आपल्याच जिल्ह्यात माणसं टँकरची वाट बघतात, अन् इथं मुळा धरणाचं पाणी सावलीतल्या ओल्या मातीवर रोज ओतायचं?

डाग दिसला की आधी गवत हातानं ओढून बघा. गोधडीसारखं उचलून आलं अन् खाली पांढरी वाकडी अळी निघाली, तर ती हुमणी. उसात बरोबर ओळखता की! तिचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर लिंबा-बाभळीवर जमतात अन् जवळच जमिनीत अंडी घालतात. तिथं ओलीवर मेटारायझियम द्या. मुळं घट्ट असली तर कमी उन्हाची आहे.

मग खालच्या फांद्या छाटा, गवत एरवीपेक्षा उंच ठेवून कापा, माती वरून सुकली की सकाळी पाणी द्या. सावली थोडीच असेल तर बफेलो ग्रास चालतं. दाट असेल तर गवताचा नाद सोडून हळद, अळू, मनी प्लांट लावा, नाहीतर पालापाचोळा तसाच पसरू द्या.

काहीजण लॉनसाठी लिंबच काढायला निघालेत. शहरात १९७५ च्या कायद्यानं झाड तोडायला परवानगी लागते. अन् समजा मिळाली, तर मे महिन्यात खुर्ची टाकून बसणार कुठं? लॉनवर?