उतरत्या वयाचा चढाईपटू आणि लिलावाचा हिशेब

व्यावसायिक कबड्डीच्या लिलावाचे दिवस आले की एक प्रश्न हटकून चर्चेला येतो. ज्याचे नाव घरोघर पोहोचले आहे, ज्याच्या चढाया पाहून मुले कबड्डी खेळू लागली, परंतु ज्याचा उमेदीचा काळ मागे पडला आहे आणि ज्याला त्याच्या संघाने मोकळे केले आहे, अशा चढाईपटूला दुसऱ्या संघाने घ्यावे काय? वरवर पाहता हा प्रश्न संघमालकांचा आहे. पुणे, मुंबई, दिल्ली येथील धनवंतांनी आपला पैसा कसा खर्चावा याची चिंता धाराशिवच्या वाचकाने का करावी, असे कोणी म्हणेल. परंतु मर्यादित पैसा सरलेल्या कर्तृत्वावर खर्चावा की संभाव्य कर्तृत्वावर, हा या प्रश्नाचा गाभा आहे. ज्या जिल्ह्याला निती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातले आणि ज्याच्याजवळ क्रीडांगणावर धावणाऱ्या मुलामुलींवाचून फारशी क्रीडासंपत्ती नाही, त्या जिल्ह्याला या प्रश्नाशी कर्तव्य असणे स्वाभाविक आहे.

प्रथम खेळाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. कबड्डीत चढाई करणारा एकटा असतो आणि समोर सातजण असतात. तीस सेकंदांत त्याला गडी टिपून मध्यरेषेपर्यंत परतावे लागते. पकड झाली तर तीन-चार खेळाडूंचे वजन त्याच्या गुडघ्यांवर, घोट्यांवर आणि खांद्यांवर येते, आणि एका सामन्यात हे अनेकवार घडते. चढाईपटूचे भांडवल म्हणजे पहिल्या दोन पावलांतील वेग, कंबरेतील लवचिकपणा आणि पकडीतून निसटण्यासाठी लागणारी झटक्याची ताकद. नेमके हेच गुण शरीरातून सर्वांत आधी कमी होतात. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर या भांडवलाचा घसारा फार जलद आहे, आणि तो वयाच्या वर्षांपेक्षा केलेल्या चढायांच्या संख्येवर अधिक अवलंबून आहे.

परदीप नरवालचे उदाहरण

याचे सर्वांत बोलके उदाहरण परदीप नरवाल याचे होय. पाटणा पायरेट्सने लागोपाठ तीन विजेतेपदे मिळवली त्यांत त्याचा वाटा सिंहाचा होता. २०१७ च्या पाचव्या हंगामात त्याने चढाईचे ३६९ गुण मिळवून विक्रम केला. पकड करणाऱ्यांच्या हातांखालून वाकून निसटण्याची त्याची ‘डुबकी’ गावोगावची मुले गिरवू लागली. २०२१ च्या लिलावात यूपी योद्धा संघाने त्याला १ कोटी ६५ लाख रुपयांना घेतले. तेव्हा तो जेमतेम चोवीस वर्षांचा होता. तरीही पाचव्या हंगामातील उंची त्याला पुन्हा गाठता आली नाही. अकराव्या हंगामासाठी बेंगळुरू बुल्सने २०२४ मध्ये त्याला ७० लाखांत घेतले आणि तो संघ बारा संघांत तळाशी राहिला. २०२५ च्या लिलावात त्याच्यावर बोलीच लागली नाही. त्यानंतर लवकरच त्याने निवृत्ती जाहीर केली. स्पर्धेच्या इतिहासात चढाईचे अठराशेहून अधिक गुण मिळवणारा हा खेळाडू त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा होता. ज्या वयात शिक्षकाची किंवा कारकुनाची नोकरी नुकतीच कायम झालेली असते, त्या वयात चढाईपटूची बाजारातील किंमत शून्यावर येऊ शकते.

बेंगळुरूच्या अपयशाचा दोष एकट्या नरवालच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. खरा दोष हिशेबाच्या पद्धतीचा आहे. बोली लावणारा पुष्कळदा खेळाडूने काय केले त्याची किंमत देतो, परंतु त्याला मिळते ते खेळाडू यापुढे काय करील तेवढेच. जुने गुण जुन्या संघाच्या खात्यावर जमा झालेले असतात आणि कितीही मोठी बोली लावली तरी ते नव्या संघाकडे वळते होत नाहीत.

यावर असे म्हटले जाईल की, हा तर केवळ वयाचा दोष झाला. भरात असलेला मोठा चढाईपटू घेतला तर संघ तरून जाईल. अनुभव तसा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाईला २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना घेतले. त्याने गुण भरपूर मिळवले, पण संघ अकरावा आला. याच संघाने २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले आणि तो संघ शेवटचा आला. याउलट घडलेला प्रसंग अधिक विचार करण्याजोगा आहे. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने याच पवनला २ कोटी २६ लाखांना घेतले होते. पहिल्याच सामन्यात त्याला दुखापत झाली आणि तो हंगामाला मुकला. संघ कोसळेल अशी सर्वांची अटकळ होती. प्रत्यक्षात नरेंदर हा नवखा तरुण पुढे आला, त्याने चढाईचे २४३ गुण मिळवले आणि तो संघ प्रथमच उपान्त्य फेरीत पोहोचला. महागड्या खेळाडूच्या सावलीत बसलेल्या तरुणाची योग्यता कळण्यासाठी अपघात घडावा लागला, ही गोष्ट संघनिवड करणाऱ्यांना भूषणावह म्हणता येणार नाही.

अनुभवाचे मोल कोठे?

तर मग अनुभवाला काहीच किंमत नाही काय? तसे म्हणणे दुसऱ्या टोकाला जाण्यासारखे होईल. २०२२ च्या फेब्रुवारीत दबंग दिल्लीने पाटण्याला ३७-३६ असे हरवून आठव्या हंगामाचे विजेतेपद मिळवले. त्या संघाची बचावफळी जोगिंदर नरवाल, मनजीत छिल्लर, जीवा कुमार अशा मुरलेल्या खेळाडूंची होती. हंगामापूर्वी या संघाला ‘म्हाताऱ्यांचा संघ’ म्हणून हिणवले गेले होते. परंतु त्याच्या चढाईचा भार नवीन कुमार या बावीस वर्षांच्या तरुणावर होता. २०२५ च्या बाराव्या हंगामात पुणेरी पलटणला ३१-२८ असे नमवणाऱ्या दिल्लीच्या संघातही इराणचा फजल अत्राचली हा कसलेला कोपरारक्षक होता. पकड करणाऱ्याला वेगापेक्षा अंदाज अधिक उपयोगी पडतो. केव्हा थांबावे, केव्हा झेप घ्यावी आणि साथीदाराला केव्हा इशारा द्यावा, हे त्याला वर्षानुवर्षांच्या सरावाने उमगते. म्हणजे अनुभव हे भांडवलच आहे, मात्र ते कोणत्या जागी गुंतवले जाते त्यावर त्याचा परतावा ठरतो.

सातासमुद्रापलीकडेही हाच वाद चालतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू छातीशी धरून प्रतिपक्षाच्या फळीत घुसणाऱ्या खेळाडूचे काम आपल्या चढाईपटूसारखेच अंग झिजवणारे असते आणि तिशीच्या आसपास त्याला जुन्या बाजारातील माल समजले जाते. परंतु डेरिक हेन्री या तीस वर्षांच्या खेळाडूला बाल्टिमोर संघाने २०२४ मध्ये घेतले आणि त्या हंगामात त्याने १,९२१ यार्डांची मजल मारली. हा अपवाद खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र तो कशामुळे शक्य झाला हेही पाहिले पाहिजे. बाल्टिमोरचा संघ मुळातच बळकट होता आणि त्याला एका जागेपुरती भर हवी होती. बुडणारा संघ तारण्यासाठी त्यांनी हेन्रीला आणले नव्हते. पडक्या वाड्याला नक्षीदार खांब लावून वाडा उभा राहत नाही. वाडा भक्कम असेल तर जुना सागवानी खांबही पुष्कळ वर्षे भार पेलतो.

पाच कोटींची पिशवी

आता पैशाचा हिशेब पाहू. अलीकडच्या लिलावांत प्रत्येक संघाला ५ कोटी रुपयांची मर्यादा घालून दिलेली असते. सर्वांत वरच्या ‘अ’ गटाची पायाभूत किंमत ३० लाख, तर ‘ड’ गटाची ९ लाख. पिशवी ठरलेली असली की प्रत्येक रुपया एका ठिकाणी खर्च करणे म्हणजे दुसऱ्या ठिकाणी तो नाकारणे होय. ७० लाखांचा एक प्रसिद्ध खेळाडू घेताना पायाभूत किमतीला मिळणारे सात तरुण सोडून द्यावे लागतात. या सातांपैकी पाचजण निरुपयोगी ठरतील हे मान्य केले, तरी उरलेले दोघे पुढील चार-सहा हंगाम संघाला साथ देतात.

पुणेरी पलटणचा अनुभव या दृष्टीने पाहावा. २०२४ च्या मार्चमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून हा संघ प्रथमच विजेता झाला. त्याने इराणच्या महंमदरझा शादलूवर २ कोटी ३५ लाख खर्च केले होते हे खरे. पण शादलू तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा होता आणि त्याचे मुख्य बळ बचावात होते. चढाईसाठी मात्र या संघाने घरची मुले घडवली. कर्णधार अस्लम इनामदार हा पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरचा. त्याला कोणी कोट्यवधींची बोली लावून आणले नव्हते. नवख्या खेळाडूंतून तो वर आला आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतील सुवर्णविजेत्या भारतीय संघापर्यंत पोहोचला.

टाकळी ढोकेश्वर आणि भूम-परंड्याच्या माळावरील एखादे गाव यांत पावसाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. फरक पडतो तो मुलाला कोणी पाहिले की नाही यात. म्हणूनच या चर्चेचा संबंध आपल्या गावच्या मैदानाशी येतो. यात्रेनिमित्त किंवा जयंतीनिमित्त भरणाऱ्या कबड्डी स्पर्धांत रोख बक्षिसासाठी बाहेरगावचा नामवंत चढाईपटू एका रात्रीपुरता आणण्याची रीत महाराष्ट्रात बरीच रूढ आहे. वर्गणी गावाची, खेळाडू परका आणि गावची मुले राखीव बाकावर. चषक गावात येतो, पण खेळ गावात राहत नाही. पाच कोटींच्या पिशवीत जी चूक होते, तीच चूक पाच हजारांच्या वर्गणीतही होते.

किंमत आणि ऋण

शेतकरी बैल विकत घेताना दात पाहतो, त्यात गैर काही नाही. पण खेळाडू हा माणूस आहे. त्याची बाजारातील किंमत उतरली म्हणून समाजावरील त्याचे ऋण फिटत नाही. येथे दोन हिशेब वेगळे ठेवले पाहिजेत. कृतज्ञतेपोटी संघात जागा देणे हा संघावर अन्याय आहे. संघात जागा नाही म्हणून खेळाडूला विसरणे हा खेळाडूवर अन्याय आहे. पहिला हिशेब लिलावाने करावा, दुसरा समाजाने आणि शासनाने.

धाराशिव जिल्ह्याला या दुसऱ्या हिशेबाचा अर्थ शिकवावा लागू नये. २०१६ च्या गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला खो-खो संघाचे नेतृत्व करून सुवर्णपदक मिळवणारी आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्काराची मानकरी ठरलेली सारिका काळे याच जिल्ह्याची. खेळाच्या काळात सुमारे दहा वर्षे दिवसातून एकच वेळ जेवून काढली, असे तिने पुरस्काराच्या वेळी सांगितले होते. तिच्यावर कधी बोली लागली नाही. खो-खोची व्यावसायिक स्पर्धा २०२२ मध्ये सुरू झाली तीही पुरुषांपुरती. परंतु क्रीडा कोट्यातून तिला शासनाच्या सेवेत स्थान मिळाले आणि तुळजापुरात क्रीडा अधिकारी म्हणून तिचा अनुभव पुढच्या पिढीच्या कामी येऊ लागला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. जिल्ह्यात खो-खोची परंपरा टिकली आहे ती जुन्या खेळाडूंनी नव्यांना शिकवल्यामुळे.

कबड्डीतही हाच मार्ग शक्य आहे. अनुप कुमारने यू मुंबाला २०१५ मध्ये विजेतेपद मिळवून दिले. २०१८ मध्ये जयपूरने त्याला ३० लाखांत घेतले, पण त्याच हंगामात त्याने निवृत्ती पत्करली आणि २०१९ मध्ये तो पुणेरी पलटणचा प्रशिक्षक झाला. चढाईपटू म्हणून त्याच्याजवळ देण्यासारखे थोडे उरले होते, शिक्षक म्हणून पुष्कळ होते. हे स्थित्यंतर प्रत्येकाच्या नशिबावर सोडण्याऐवजी त्याची व्यवस्था का करू नये? प्रत्येक लिलावातील रकमेचा लहानसा अंश निवृत्त खेळाडूंच्या निधीत जमा व्हावा. संघांनी ज्येष्ठ चढाईपटूशी खेळण्याचा करार संपवताना प्रशिक्षणाचा करार करावा. शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचा लाभ मिळालेल्यांना कागदांच्या ढिगाऱ्यात न गाडता तालुक्याच्या मैदानावर पाठवावे. यांतील एकाही गोष्टीला कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. उतरत्या वयाच्या चढाईपटूला मोठ्या रकमेवर आणि मोठ्या आशेने घेऊ नये. संघ मुळात सशक्त असेल, जागा एखाद्या प्रसंगापुरती असेल, किंमत पायाभूत रकमेच्या आसपास असेल आणि त्याच्या हाताखाली दोन तरुण तयार होणार असतील, तर अवश्य घ्यावे. या चार अटींपैकी एकही पुरी होत नसेल, तर त्याला मानाने निरोप द्यावा आणि वाचलेली रक्कम अशा मुलावर लावावी ज्याचे नाव अद्याप कोणाला ठाऊक नाही. तसा मुलगा कळंब-वाशीच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर आज चढाई करीत असेल. त्याच्यापर्यंत पोहोचणारा माणूस निवृत्त चढाईपटूच असावा, एवढी तजवीज झाली तरी दोन्ही पिढ्यांचे भले होईल.