‘शेवटची किंमत किती?’

घरातील रुग्णसेवेचा काळ संपतो आणि तिचे साहित्य मागे उरते. पायाशी दोन हँडल असलेला फाउलर पलंग, हवेची गादी, चाकांची खुर्ची, वॉकर, क्वचित ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. काही महिने त्यांना कोणी हात लावीत नाही. मग एके दिवशी मुलगी किंवा सून छायाचित्रे काढून जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात जाहिरात देते आणि अर्ध्या तासात संदेश येतो, ‘शेवटची किंमत किती?’ समजा, १८,००० रुपयांना घेतलेल्या पलंगाचे आपण ९,००० मागितले, तर समोरून उत्तर येते, ‘३,००० देतो, आजच नेतो.’

वाचकहो, ही एक ओळ एखाद्या ज्येष्ठाची रात्रीची झोप हिरावून घेण्यास पुरेशी असते. ज्या पलंगावर जोडीदाराची अखेरची दोन वर्षे गेली, त्याचे मोल एवढेच का? वर दिसतो तो राग. आत असते ते दुःख. म्हणूनच हा व्यवहार आरोग्याच्या सदरात घ्यावासा वाटला.

प्रथम मनाचा स्वभाव ओळखू या. डॅनियल कानेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी १९९० मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. वर्गातील निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि मग त्यांची खरेदी-विक्री करावयास सांगितले. ज्यांच्या हाती मग होता त्यांनी मागितलेली किंमत, इतरांनी देऊ केलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट निघाली. नुकत्याच हाती आलेल्या मगाविषयी ही आपुलकी, तर वर्षानुवर्षे सोबत असलेल्या वस्तूविषयी काय बोलावे!

आता ग्राहकाची बाजू पाहा. त्याचाही रुग्ण बहुधा दोन दिवसांत घरी यायचा असतो. पलंग त्याला काही महिनेच लागणार असतो. तो भाड्याने मिळतो. अनेक गावांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे अनामत घेऊन वापरावयास देतात. शिवाय टेंपो आणि हमालीचा खर्च वेगळा. हा सारा हिशेब त्या कमी आकड्यात असतो. आपल्या सेवेचा हिशेब त्यात नसतो, आणि तो मांडण्याचा त्याला अधिकारही नाही.

म्हणून जाहिरात देण्यापूर्वीच शांतपणे तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात : मागणीची किंमत, त्याखाली न उतरण्याची किमान किंमत, आणि अमुक तारखेपर्यंत वस्तू न गेल्यास ती कोणास द्यावयाची त्याचे नाव. हा कागद जवळ असला की प्रत्येक संदेशागणिक नव्याने ठरवावे लागत नाही.

जाहिरातीत पावती, खरेदीचे वर्ष आणि दोषही दाखवावेत. कॉन्सन्ट्रेटरवर तो किती तास चालला हे दर्शविणारे मीटर असते. त्याचे छायाचित्र द्यावे. वापरलेली नाकातील नळी मात्र देऊ नये. माहिती पूर्ण असली की अंदाजाने केलेली मागणी कमी होते.

कमी मागणीला एकदाच, सौजन्याने उत्तर द्यावे : ‘नमस्कार. आपण विचारणा केलीत, आभार. किंमत ९,००० रुपये आहे. प्रत्यक्ष पाहून थोडा विचार होऊ शकेल. ३,००० मात्र शक्य नाही.’ पुन्हा तोच आकडा आला तर उत्तर देण्याची गरज नाही. उद्धट माणसाशी वाद नको. समोरच्याची अडचण खरी वाटली आणि आपणास परवडत असेल, तर सवलत अवश्य द्यावी. परंतु ती मनापासून, कंटाळून नव्हे.

घासाघीस करणाऱ्यापेक्षा सावध राहावे ते मुळीच घासाघीस न करणाऱ्यापासून. वस्तू न पाहताच पूर्ण किंमत मान्य करून ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे कोणी म्हणाले, तर तिथेच थांबावे. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. फसवणूक झालीच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे.

काळजीवाहू मंडळींना एक विनंती. जाहिरातीत आपला क्रमांक द्यावा, आजी-आजोबांचा नको. प्रत्येक आकडा त्यांना वाचून दाखवू नये. किमान किमतीच्या वरचा प्रस्ताव आला की मग विचारावे. आणि त्या पलंगाला त्यांच्यासमोर ‘अडगळ’ म्हणू नये.

टेंपो दारी येईल तेव्हा नव्या घरच्या माणसाला कोणत्या हँडलने पाठ उचलते आणि कोणत्याने पाय, हे आजींनाच समजावून सांगू द्यावे. ते त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?