ह्याची जाळी कुणी काढली?



मागच्या वेळी या सदरात रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ची आठवण काढली, तर तुमच्यापैकी काहींनी कळवलं की आता भुतं पुरे, दुसरं काहीतरी घाबरवणारं सांगा. म्हणून आज हवेली नाही, चेटकीण नाही. आज आहेत ट्रक. शिवाय गवत कापायचं मशीन, विजेवर चालणारी सुरी आणि कोल्ड्रिंकचे डबे फेकून माणसं मारणारं यंत्र. हसू येतंय ना? येऊ द्या. मलाही आलं होतं.

चित्रपटाचं नाव ‘मॅक्झिमम ओव्हरड्राइव्ह’, साल १९८६. दिग्दर्शक कोण, तर भयकथांचा राजा म्हणून जग ज्याला ओळखतं तो लेखक स्टीफन किंग. स्वतःच्याच ‘ट्रक्स’ नावाच्या छोट्या कथेवरून त्याने हा चित्रपट काढला आणि त्यानंतर पुन्हा कधी दिग्दर्शन केलं नाही. त्या वर्षी सर्वांत वाईट चित्रपटांना देतात त्या ‘रॅझी’ पुरस्कारांत किंगला वाईट दिग्दर्शनासाठी आणि नायक एमिलिओ एस्टेव्हेझला वाईट अभिनयासाठी नामांकन होतं. दोन्ही पुरस्कार गायक प्रिन्सने नेले. म्हणजे वाईटातही पहिला नंबर आला नाही!

मी तो पहिल्यांदा पाहिला आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरी, १९८८ च्या उन्हाळ्यात. (तात्यापारा म्हटलं की पुण्याचे नातेवाईक ‘तात्या विंचू’ म्हणून खिदळतात. तो ‘झपाटलेला’तला बाहुला १९९३ चा, आमचा पारा त्याच्या कितीतरी आधीचा. रायपुरात पारा म्हणजे मोहल्ला, बाकी काही नाही.) सुट्टीत नागपूरहून आत्याची मुलं आली होती. सगळ्यांनी पैसे काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणला, सोबत तीन कॅसेट. पहिला चित्रपट आजीसाठी देवाधर्माचा, दुसरा अमिताभचा. तिसरा इंग्रजी, मोठी माणसं झोपल्यावर बघायचा.

कॅसेट इतकी घासलेली होती की पडद्यावर माणसांपेक्षा रेघा जास्त. इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं. त्यामुळे कॉलेजात गेलेला आमचा दादा भाषांतर करत होता. सुरुवातीलाच एक माणूस बँकेबाहेरच्या मशीनसमोर उभा राहतो, मशीन पडद्यावर त्याला शिवी देतं आणि तो बायकोला हाक मारून तक्रार करतो. (तो माणूस म्हणजे खुद्द किंग.) एटीएम आपल्याकडे मुंबईत नुकतंच, १९८७ साली आलं होतं. रायपुरात आम्ही ते कुठून बघणार? दादाने बेधडक सांगितलं, “स्टेशनवरचं वजनाचं मशीन आहे. तिकिटावर भविष्य छापून येतं ना, त्याचं वाईट आलंय.” आम्हाला पटलं.

गोष्ट तशी सोपी आहे. रिया-एम नावाचा धूमकेतू पृथ्वीजवळून जातो, त्याच्या शेपटीत पृथ्वी सापडते आणि सगळी यंत्रं माणसांवर उलटतात. हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्येच येऊन गेला होता, तेव्हा ही कल्पना अगदी ताजी होती. उघडझाप करणारा पूल गाड्या वर असतानाच उघडतो आणि ट्रकभर कलिंगडं रस्त्यावर फुटतात. मैदानावर कोल्ड्रिंकचं मशीन मुलांच्या प्रशिक्षकाला डबे फेकून मारतं. रोडरोलर मुलांच्या अंगावर येतो. हमरस्त्यावरच्या ‘डिक्सी बॉय’ नावाच्या ढाब्यावर काही माणसं अडकतात आणि बाहेर बिनड्रायव्हरचे ट्रक गोल गोल फिरत पहारा देतात. त्यांचा म्होरक्या म्हणजे खेळण्यांचा एक ट्रक. त्याच्या तोंडावर स्पायडरमॅनच्या गोष्टीतल्या खलनायकाचा, ग्रीन गॉब्लिनचा भलामोठा हिरवा मुखवटा बसवलेला.

आता गंमत बघा. अमेरिकेतला प्रेक्षक त्या मुखवट्याला घाबरला असेल, आम्ही नाही. जी. ई. रोडवरून भिलाईकडे जाणाऱ्या ट्रकांवर आम्ही रोजच काळा, शिंगं असलेला, जीभ बाहेर काढलेला राक्षस बघत होतो. नजर लागू नये म्हणून लावतात तो. रात्री असे ट्रक गेले की आमच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या. चित्रपटात ट्रक गुरगुरला आणि नेमका बाहेरूनही एक गेला, तेव्हा आत्याचा धाकटा गादीखाली शिरला, हे मात्र खरं.

मग आला गवत कापायच्या मशीनचा प्रसंग. निर्जन गल्ली, सायकलवर एक मुलगा, आणि मागून आपोआप सुरू झालेलं ते मशीन त्याचा पाठलाग करतं. आम्ही ओरडलो. त्या आवाजाने थोरले काका उठून दारात आले. त्यांनी दोन मिनिटं पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, “ह्याची जाळी कुणी काढली?”

आम्ही पोट धरून हसलो. धूमकेतू, भूत, सैतान काही नाही, काकांना जाळी दिसली! पुढे कितीतरी वर्षं घरात ही म्हण झाली. मिक्सर बिघडला, पंखा खडखडला की कुणीतरी म्हणायचंच, ह्याची जाळी कुणी काढली?

काकांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. आम्हा मुलांसाठी ते इतकं नेहमीचं होतं की त्या रात्री त्याचा आणि जाळीचा संबंध कुणालाच जोडता आला नाही.

काका शहराबाहेरच्या एका राइस मिलमध्ये मिस्त्री होते. धानाचा हंगाम लागला की रायपूरच्या आसपासच्या मिल रात्रंदिवस चालतात. त्या काळी एका मोटरवरून लांब पट्ट्यांनी तीन-चार यंत्रं फिरायची. पट्टा घसरायला लागला की त्याला राळ लावावी लागे, म्हणजे पकड येते. खरं तर मोटर बंद करून लावायची. पण मोटर बंद म्हणजे सगळी मिल बंद. म्हणून चालत्या पट्ट्याला लावायची, आणि दर वेळी जाळी उघडायला वेळ जातो म्हणून जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली. एका रात्री बाही पट्ट्यात आली आणि पुलीने बोटं नेली. बाही फाटली म्हणून हात वाचला.

घरात हे असं सांगितलं जायचं: मशीनने दोन बोटं खाल्ली. मिलमध्येही सगळे तसंच म्हणायचे. त्या वर्षी विश्वकर्मा पूजेला नारळ नीट फुटला नव्हता, मशीन उपाशी राहिलं, असं बोललं गेलं. मालकाने दवाखान्याचा खर्च दिला, महिन्याचा पगार दिला, पंडित बोलावून पुन्हा पूजा केली. मशीनला झेंडूचा हार घातला. जाळी भिंतीलाच टेकलेली राहिली. हे मला काकूने सांगितलं, काका गेल्यानंतर.

यंत्राची पूजा करण्यावर माझा राग नाही, गैरसमज नको. खंडेनवमीला मीही लॅपटॉपला हळदकुंकू लावते. पण काकूचं ऐकल्यावर मी तो चित्रपट पुन्हा शोधून पाहिला आणि त्याबद्दल वाचलं, तेव्हा मी चक्रावलेच.

गवत कापायच्या मशीनचं चित्रीकरण अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनजवळ चालू होतं. तारीख ३१ जुलै १९८५. कॅमेऱ्यामागे आर्मांडो नानुझी हे इटलीचे नामांकित छायाचित्रकार होते. व्हिस्कोंतीसारख्या दिग्दर्शकाबरोबर काम केलेला माणूस. मशीन दुरून रेडिओने चालवलं जात होतं. ते ताब्यातून सुटलं आणि कॅमेऱ्याखाली टेकण दिलेल्या लाकडी ठोकळ्यावर आदळलं. पातं फिरतंच होतं. लाकडाच्या ढलप्या उडाल्या आणि नानुझींचा उजवा डोळा गेला. १९८७ मध्ये त्यांनी किंग आणि इतरांवर सुरक्षेची काळजी घेतली नाही म्हणून १ कोटी ८० लाख डॉलरचा दावा लावला. तो न्यायालयाबाहेर मिटला. त्यानंतरही त्यांनी काम सोडलं नाही. १९९० च्या ‘फ्रँकेनस्टाइन अनबाउंड’च्या छायाचित्रणात त्यांचं नाव आहे.

म्हणजे माणसांवर यंत्र उलटल्याच्या खोट्या प्रसंगात, खरोखरच एका माणसावर यंत्र उलटलं. फक्त धूमकेतू नव्हता. आणि किंगने पुढे स्वतःच कबूल केलं की त्या काळात तो नशेच्या पूर्ण आहारी गेलेला होता, आपण काय करतोय याचं त्याला भानही नव्हतं. ड्रायव्हर नसलेले ट्रक पडद्यावर होते, तशी ती सगळी गाडीच ड्रायव्हरशिवाय चालली होती म्हणा.

काका बरोबर होते, हे मला पटायला एवढी वर्षं लागली.

एक योगायोग सांगते. किंगच्याच कादंबरीवरचा, मालकाच्या नादी लागलेल्या खुनशी मोटारीचा ‘क्रिस्टीन’ हा चित्रपट १९८३ चा. त्याच १९८३ साली आपल्या संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. त्याचं मुख्य कारण होतं मळणीयंत्र. यंत्रावर चालणारी मळणी आली आणि पेंढी आत सारताना शेतमजुरांचे हात जाऊ लागले. म्हणून यंत्र कसं बनवायचं, अपघात झाला तर भरपाई कशी द्यायची, हे त्या कायद्याने ठरवलं. कारखान्यांसाठी तर १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २१ होतंच, फिरत्या भागांना कुंपण हवं म्हणून. काकांचा पट्टा त्यातच मोडत होता. कायदा काकांच्या अपघाताच्या किती आधीपासून होता बघा.

हे डोक्यात घेऊन चित्रपट पाहिला तर एक पात्र वेगळंच दिसतं. ढाब्याचा मालक हेंडरशॉट. पॅट हिंगलने झकास केलाय. तुरुंगातून सशर्त सुटलेल्या माणसांना तो कामावर ठेवतो आणि नऊ तास राबवून आठ तासांचे पैसे देतो. तक्रार केली तर परत तुरुंग. ट्रक उलटण्याआधीच हे चालू असतं! नंतर ट्रक हॉर्न वाजवून मोर्स कोडमध्ये हुकूम सोडतात की आम्हाला डिझेल भरा. माणसं हाताला फोड येईपर्यंत पंप धरून उभी राहतात. मला तर वाटलं, या बिचाऱ्यांना फरक काय पडला? मालक बदलला एवढंच. बाकी चित्रपट मात्र सुमारच आहे, उगाच मोठेपणा द्यायला नको. शेवट तर इतका घाईत उरकलाय की पडद्यावर मजकूर येतो: एक परग्रही यान होतं, रशियन उपग्रहाने ते उडवलं. झालं!

आणखी एक सांगते, ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. चित्रपटात पृथ्वी शेपटीत शिरते ती तारीख १९ जून १९८७. पुढे १९९९ साली स्टीफन किंग मेन राज्यातल्या आपल्या गावाकडे रस्त्याच्या कडेने चालत असताना एका व्हॅनने त्याला उडवलं. पाय, बरगड्या, कंबर, सगळं मोडलं. तारीख १९ जून. धूमकेतू इथेही नव्हता. ड्रायव्हर वळून मागे आपल्या कुत्र्याला आवरत होता. कुत्रं मांस ठेवलेल्या डब्यात तोंड घालत होतं. किंगच्या वकिलाने ती व्हॅन विकत घेतली, आणि बरा झाल्यावर आपण ती बॅटने फोडणार, असं किंग म्हणायचा. रागावणार कुणावर, शेवटी यंत्रावरच. पण ती आधीच भंगारात चेपली गेली.

आता तुम्ही विचाराल, मुलांना दाखवायचा का? लहानांना नको. शिव्या भरपूर, रक्तही आहे. पंधरा-सोळाच्या पुढच्यांबरोबर बसून बघा, दीड तासाहून थोडा मोठा आहे. मी भाच्याबरोबर पाहिला. तो अकरावीत आहे. तो ट्रकांना हसला, त्या विजेच्या सुरीला हसला आणि नानुझींची गोष्ट सांगितल्यावर गप्प झाला. मग गवताच्या मशीनचा प्रसंग त्याने मागे नेऊन पुन्हा लावला. कॅमेरा कुठे असेल ते शोधत होता.

दुसऱ्या दिवशी दळण आणायला त्यालाच सोबत नेलं. आमच्याकडची चक्की जुनी, पट्ट्याची. मी पिठाचा डबा झाकत होते, तर हा वाकून मागे बघतोय. जाळी होती. पण एका बाजूचा बोल्ट नव्हता, तिथे सुतळी बांधलेली. त्याने चक्कीवाल्याला विचारलं, “भैया, ये बोल्ट कहाँ गया?”

चक्कीवाल्याने पीठ झटकलं आणि म्हणाला, “दिवाली के बाद लगवा देंगे.”

भाच्याने खिशातून फोन काढला आणि बोल्टाच्या भोकाचा फोटो घेतला. आता हार्डवेअरच्या दुकानात जाऊन तसा बोल्ट मिळतो का ते बघायला निघालाय.