सहा महिन्यांची तारीख कोणी लक्षात ठेवायची?

मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफीच्या अहवालात शेवटी ‘बायरॅड्स 3’ असे लिहून आले, की घरात दोन तऱ्हा दिसतात. एक तर कॅन्सरच्या धसक्याने झोप उडते, नाहीतर ‘साधी गाठ आहे’ म्हणून अहवाल फायलीत आणि फाइल कपाटात जाते. यातली दुसरी तऱ्हा जास्त घातक. पण त्याचा दोष एकट्या त्या बाईच्या माथी मारणे मला मान्य नाही. ‘सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी’ असे जे केंद्र लिहिते, त्यानेच तिला परत बोलावण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.

अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या वर्गवारीतला हा तिसरा गट ‘बहुधा निरुपद्रवी’ गाठींचा. त्यात कॅन्सर निघण्याची शक्यता 2 टक्क्यांपलीकडे जाता कामा नये, अशी अट आहे. स्वच्छ कडांची, लंबगोल, आडवी पसरलेली गाठ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. बहुतेकदा ती फायब्रोअ‍ॅडिनोमा, म्हणजे स्तनातली कॅन्सर नसलेली गाठ, असते. अमेरिकन रेडिओलॉजिस्ट एडवर्ड सिकल्स यांनी 1991 मध्ये अशा 3,184 प्रकरणांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, त्यात 17 कॅन्सर निघाले, म्हणजे साधारण अर्धा टक्का. पुढे 2020 मध्ये अमेरिकेतल्या 40 हजारांहून अधिक महिलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा हे प्रमाण 1.86 टक्के भरले. त्यातले निम्म्याहून अधिक कॅन्सर सहा महिन्यांच्या तपासणीच्या सुमारासच सापडले होते. म्हणजे सहा, बारा आणि चोवीस महिन्यांच्या वेळापत्रकात पहिलीच तारीख सर्वांत मोलाची, आणि नेमकी तीच चुकते.

त्या तपासणीत डॉक्टर जुनी आणि नवी प्रतिमा शेजारी ठेवून पाहतात. 10 मिलिमीटरची गाठ तेवढीच असेल, कडा तशाच असतील, तर पुढची तारीख मिळते. सहा महिन्यांत ती एखाद्या बाजूने 20 टक्क्यांहून अधिक वाढली, म्हणजे 12 मिलिमीटरच्या पुढे गेली, किंवा कडा खडबडीत दिसू लागल्या, तर सुईने तुकडा काढून तपासतात. जुनी प्रतिमाच नसेल तर या तुलनेला आधारच उरत नाही. आपल्याकडे सोनोग्राफीचे पातळ कागदावरचे छापे काही महिन्यांत पुसट होतात आणि केंद्र बदलले की नवे डॉक्टर शून्यापासून सुरुवात करतात. प्रतिमा जपणे आणि मागितल्यावर डिजिटल स्वरूपात देणे हा म्हणूनच पाठपुराव्याचाच भाग आहे.

मग लगेच बायोप्सी करून मोकळे का होऊ नये, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण सरसकट तसे केले, तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव किंवा त्याहून जास्त बायकांना विनाकारण सुई, खर्च आणि निकालाची धास्ती सोसावी लागेल. आणि थांबून फेरतपासणी करण्याच्या पद्धतीत उशिराने सापडणारे कॅन्सर बहुतांशी लवकरच्या टप्प्यावरचे असतात, म्हणूनच थांबण्याला वैद्यकीय आधार आहे. मात्र हा आधार ती परत येईल या गृहीतावरच उभा आहे.

दुसरा आक्षेप केंद्रचालकांचा: सज्ञान रुग्णाला सांगितले, लिहून दिले, आता आम्ही किती मागे लागायचे? पण लिहिलेले असते इंग्रजीत, अहवाल वाचतो पाठवणारा डॉक्टर आणि तारीख कोणाच्याच वहीत नसते. बाळाचा लसीचा डोस चुकला तर आशाताई घरी येऊन आठवण करतात. त्यासाठी आईच्या स्मरणशक्तीवर विसंबून राहायचे नाही, हे आपण कधीच स्वीकारले आहे. नाव आणि मोबाइल नंबर केंद्राकडे नोंदणीलाच असतो. नेमकी तारीख मराठीत लिहून देणे, आठवडाभर आधी फोन करणे आणि न आलेल्यांची यादी दरमहा पाहणे, एवढ्याला मोठी यंत्रणा लागत नाही. पैशांची अडचण मात्र खरी आहे. सरकारी आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत, त्यामुळे ही फेरतपासणी बहुधा खिशातूनच होते. निदान पहिल्या सहा महिन्यांची तपासणी सरकारी रुग्णालयांत मोफत व्हावी.

आणि जिला परत येणे जमणारच नाही, ऊसतोडीला जाणारी असो, परगावी कामाला निघालेली असो किंवा घरात कॅन्सरचा इतिहास असल्याने थांबणे असह्य झालेली असो, तिला पहिल्याच भेटीत बायोप्सीचा पर्याय समजावून सांगावा आणि निर्णय तिच्यावर सोपवावा.