बाळाचे श्वास मोजा

दिवाळीचे अभ्यंगस्नान आटोपले, की घरोघरी लेकरांचा खोकला ऐकू येऊ लागतो. आजीबाई ओव्याची पुरचुंडी शेकतात, आई कानटोपी चढविते. ऊब हवीच, पण दारे-खिडक्या लावून शेगडीची धुरी मात्र नको. कोवळ्या फुप्फुसांना धूर बाधतो.

साधी सर्दी बहुधा आपोआप बरी होते. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बजावले आहे. मधाचे चाटणही वर्ष पुरे होईपर्यंत नको.

खरे भय न्यूमोनियाचे. तो ओळखावा कसा? मूल शांत असता झबले वर करून, घड्याळ समोर ठेवून पुरे एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६०, पुढे वर्षापर्यंत ५० आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. तान्ह्याला थेट रुग्णालयातच. श्वासागणिक बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल दूध घेईनासे झाले असेल, तर मोजीत बसू नये. मध्यरात्र असली तरी निघावे.

न्यूमोकोकल लस सरकारी केंद्रांत मोफत मिळते: सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात. राहिली असल्यास विचारून घ्या. पाहुणे-फराळाच्या गडबडीत, मातांनो, ‘सकाळी पाहू’ एवढे मात्र म्हणू नका.